मैदान लोकांचे, खातेवही मालकाची

अमरावतीस अलीकडे कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे शिबिर झाले. दुपारच्या विश्रांतीत अकोल्याकडचा एक तरुण कार्यकर्ता फोनवर फुटबॉलच्या बातम्या वाचत बसला होता. आदल्या रात्री त्याने कबड्डीचा सामना पाहिला होता, सकाळी चहाच्या वेळी क्रिकेटचा धावफलक विचारला होता, आणि आता हे. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते साहवले नाही. ''इथं कापसाचा शेतकरी फास घेऊन रायला, अन् तुले कोन्ता क्लब बुडाला त्याची पडली!'' असे ते सर्वांदेखत म्हणाले. मुलाने फोन खिशात घातला. शिबिर रीतसर पुढे चालू झाले. मी त्या वेळी काही बोललो नाही, याची रुखरुख राहिली. म्हणून हा लेख.

ज्येष्ठांचा संताप मला परका नाही. चाळीस वर्षे ज्यांनी कापसाच्या भावासाठी रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या त्यांना खेळाचा हा बाजार उबग आणतो, यात नवल ते काय? तथापि त्या संतापात आपल्या चळवळीची एक जुनी चूक दडलेली आहे. लोक ज्यावर जीव टाकतात ती गोष्ट 'करमणूक' म्हणून बाजूस सारायची, आणि मग तिचा ताबा दुसऱ्यांनी घेतला की हळहळायचे, ही ती चूक. आपल्या पूर्वसूरींनी ती केली नव्हती. १९४१ मध्ये एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी केली, तेव्हा संध्याकाळच्या मैदानावरील खेळ हाच त्या कामाचा पाया धरला होता. मुले मैदानावर येतात, आणि मैदान ज्याच्या हाती त्याच्या हाती उद्याचा नागरिक, हे त्यांनी ओळखले होते.

आणि त्या मुलाचा प्रश्न करमणुकीचा नव्हताच. कोणता क्लब बुडाला आणि का, हा निखळ अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. तो आपण विचारीत नाही म्हणूनच त्याची उत्तरे मालकांचे प्रवक्ते देतात.

आपल्या राज्याचाच जमाखर्च पाहू. महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ पासूनचा. 'महिंद्र युनायटेड' या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने तो विसर्जित केला. पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसी काढला. २०१५ मध्ये त्याचा मुख्य संघ संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. बांधकाम व्यवसायातील डीएसके समूहाच्या शिवाजीयन्स संघाने २०१७ मध्ये लीग सोडली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या समूहाच्या प्रमुखांना ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणी अटक झाली. गुन्हा ठरविणे न्यायालयाचे काम. पण ठेवीदारांचे पैसे अडकले ही गोष्ट पुण्यातील हजारो घरे जाणतात. वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये मोठ्या झगमगाटात उतरला आणि २०१९ मध्ये बंद झाला. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने त्याच घराण्याच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे संचालक मंडळ दूर सारले आणि कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. म्हणजे १२ वर्षांत एका पुणे शहरात चार क्लबांचे डाव मांडले गेले आणि चारही मोडले. महाराष्ट्राबाहेरही चित्र वेगळे नाही. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ २०११ मध्ये बंद झाला.

हे चारही क्लब पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीत खेळले, हे ध्यानी घ्यावे. ही क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारी पैशाने उभी राहिली. म्हणजे मैदान जनतेचे, टाळ्या जनतेच्या, घोषणा जनतेच्या. मालकाची काय ती खातेवही. ती मिटली की सारेच मिटते.

येथे ज्येष्ठांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. शेतकऱ्याचे कर्ज थकले की त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढतो. तो मेला तरी बोजा मरत नाही, वारसाकडे जातो. क्लब बुडाला तर मालकाच्या सातबाऱ्यावर काय चढते? मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची ही किमया आहे. नफ्याला व नावलौकिकाला मालक असतो, तोट्याला नसतो. कापसाच्या अर्थकारणातला आणि फुटबॉलच्या अर्थकारणातला अन्याय हा असा एकाच कुळातला आहे. एकाचा अभ्यास केल्याने दुसऱ्याशी द्रोह होत नाही.

क्लबचा ताळेबंद आतून कसा चालतो हेही समजून घेतले पाहिजे. खर्चाची बाजू सोपी आहे: खेळाडूंचे व प्रशिक्षकांचे वेतन, प्रवास, मैदानाचे भाडे, आणि लीग चालविणाऱ्या कंपनीस द्यावयाचे शुल्क. उत्पन्नाच्या बाजूस तिकीट, जाहिरात, प्रक्षेपणाचा वाटा आणि खेळाडू दुसऱ्या क्लबला दिल्यास मिळणारी रक्कम. भारतीय फुटबॉलमध्ये ही दुसरी बाजू पहिलीला कधी गाठत नाही. उरलेली खिंड मालक आपल्या दुसऱ्या धंद्यातून भरतो. का भरतो? प्रतिष्ठेसाठी, मंत्र्यासंत्र्यांशी ओळखीसाठी, आपले नाव रोज वर्तमानपत्रात यावे यासाठी. जाहिरातीचा हा खर्च ज्या दिवशी महाग वाटतो, त्या दिवशी क्लब बंद होतो. खेळ चांगला झाला की वाईट, याचा त्याच्याशी संबंध नसतो.

यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास समाजवादी देशांतील सरकारी कारखान्यांविषयी एक सिद्धान्त मांडला. तोटा झाला तरी सरकार भरून काढणार ही खात्री असली की कारखान्याचे अंदाजपत्रक सैल पडते आणि शिस्त नाहीशी होते, असा त्याचा आशय. आमच्या विरोधकांनी हा सिद्धान्त वर्षानुवर्षे आमच्या डोक्यावर हाणला. मीही वर्गात तो शिकविला, आणि प्रामाणिकपणे शिकविला, कारण त्यात तथ्य आहे. परंतु आज सैल अंदाजपत्रकाचे उत्तम उदाहरण शोधायचे तर ते भांडवलदारांच्या फुटबॉल क्लबात सापडते. फरक इतकाच की सरकारी कारखान्याचा तोटा निदान विधिमंडळात चर्चेला येत असे. येथे पाठीराख्यांना बातमी वर्तमानपत्रातून कळते.

खेळाडूंनाही तशीच. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग चालविणाऱ्या कंपनीने पुढचा हंगाम थांबविला, कारण फुटबॉल महासंघाशी तिचा १५ वर्षांचा करार त्या डिसेंबरात संपत होता आणि नव्या कराराची शाश्वती नव्हती. पुढच्याच महिन्यात बंगळूरच्या क्लबने पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन स्थगित केले. हा क्लब कोणा गरीब मंडळाचा नव्हे. जिंदालांच्या पोलाद समूहाचा. त्या डिसेंबरात अबू धाबीच्या पैशावर चालणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. २०१९ मध्ये याच समूहाने त्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा आता भारतीय फुटबॉलचे भाग्य उजळले असे अग्रलेख आले होते. ते लिहिणाऱ्यांनी पुढे काय लिहिले, हे पाहण्याची उत्सुकता आहे.

आता त्या तरुणाच्या 'अनेक खेळांच्या नादा'कडे वळू. आपल्या ज्येष्ठांना तो चंचलपणा वाटला. मला उलट वाटते. वऱ्हाडातील माणूस एका खेळाचा कधीच नव्हता. सकाळी आखाडा, दुपारी कबड्डी, पावसाळ्यात चिखलात फुटबॉल, आणि बारमाही क्रिकेट. अकोल्याची शासकीय क्रीडा प्रबोधिनी मुष्टियुद्धासाठी ओळखली जाते; बुलढाण्याचा प्रथमेश जावकर तिरंदाजीत जगातील अव्वल धनुर्धरांना हरवून आला; अमरावतीचा जितेश शर्मा यष्टिरक्षक म्हणून देशाच्या संघात गेला. ज्या जिल्ह्यांना कापूस आणि आत्महत्या एवढीच ओळख वर्तमानपत्रांनी ठेवली, त्यांची ही दुसरी ओळख आहे. ती आपण पुसू नये.

परंतु अनेक खेळ पाहणाऱ्यालाच एक गोष्ट ठळकपणे दिसते, जी एकाच खेळाच्या भक्ताला दिसत नाही. त्याचे सगळे पैसे एकाच गल्ल्यात जातात. क्रिकेटची आयपीएल २००८ मध्ये निघाली. कबड्डी आणि फुटबॉल यांच्या लीग २०१४ मध्ये त्याच साच्यातून काढल्या गेल्या. संघ म्हणजे फ्रँचायझी, शहर म्हणजे बाजारपेठ, प्रेक्षक म्हणजे गिऱ्हाईक. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि स्टार यांचे प्रक्षेपण-व्यवसाय एक झाले. त्याचा परिणाम पाहा. आयपीएलमधील एक संघ ज्या घराण्याचा, आयपीएल दाखविणारी वाहिनी व फोनवरील पडदा त्याच घराण्याच्या गोतावळ्यातला, आणि फुटबॉलची लीग ज्या कंपनीने चालविली तीही त्याच घराची. फोनमध्ये जी माहिती-तिकिटाची रक्कम आपण भरतो, तीही बहुधा त्याच दारी. आमच्या काळी मक्तेदारीचे धडे शिकविताना गिरण्यांची आणि सिमेंटची उदाहरणे द्यावी लागत. आता सायंकाळी सात वाजता घरात बसून तो धडा घेता येतो.

आणि हा गल्ला वाटला कसा जातो? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण-हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. फुटबॉल महासंघाने २०१० च्या अखेरीस देशाच्या फुटबॉलचे सारे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना दिले. म्हणजे वर्षाला ४७ कोटींहूनही कमी. सुमारे दोनशे पटींची ही तफावत आहे. लोकांना क्रिकेट दोनशे पटींनी अधिक आवडते काय? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला तर काय गर्दी होते, हे ज्यांनी पाहिले आहे ते असे म्हणणार नाहीत. आवड घडविली जाते, दाखविली जाते आणि विकली जाते. आणि घडविणारा, दाखविणारा, विकणारा हा एकच असला की तो म्हणेल ती आवड ठरते.

''मग लोकांनीच क्लब चालवावेत काय? समाजवाद्यांच्या हाती दिले तर दोन दिवसांत कुलूप लागेल,'' असे यावर ऐकविले जाते. या कुचेष्टेला अमरावतीच्या माणसाने तरी घाबरू नये. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये येथे काढलेल्या हनुमान आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. हुतात्मा राजगुरूंनी येथे व्यायामाचे धडे घेतले. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिनला कबड्डी आणि देशी व्यायामप्रकार दाखविले. (ते वर्ष हिटलरच्या ऑलिंपिकचे. आमच्या पोरांचा मल्लखांब त्यामुळे डागाळत नाही. पण सत्तेला मैदान किती प्रिय असते, याची आठवण राहावी म्हणून लिहितो.) मंडळ शंभरी ओलांडून उभे आहे. त्याला भागधारक नाहीत, लिलाव नाही. देणग्या, शाळा-महाविद्यालये, शासनाचे अनुदान आणि हजारो माणसांची फुकट मेहनत यांवर ते चालले. संस्थांतही गट पडतात, खुर्च्या अडविल्या जातात, हे मी आयुष्यभर संस्थांतच काढल्यामुळे कोणी मला शिकवू नये. तरीही पुण्याचे चार क्लब १२ वर्षांत गेले आणि हा आखाडा राहिला.

कोल्हापूरचे क्लबही मुळात पेठांच्या तालमी. वर्गणी, तिकीट आणि पेठेचा अभिमान ही त्यांची भांडवलाची तीन खाती. तेथे पुढाऱ्यांचा पैसा शिरला आहे, पाठीराख्यांच्या मारामाऱ्यांनी सामने थांबतात, हेही खरेच. पण मालकाला कंटाळा आला म्हणून पाटाकडील तालीम हैदराबादला गेली, असे तेथे होणार नाही. त्याच शहरातील एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, पुण्याच्या शासकीय क्रीडा प्रबोधिनीत शिकून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. लोकांची तालीम आणि शासनाची प्रबोधिनी: या वाटेत मालक कोठे आला?

परदेशाचे दाखलेही भाबडेपणाने देऊ नयेत. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबच्या कंपनीत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या संस्थेची असली पाहिजेत. त्याला अपवाद आहेत, पळवाटाही आहेत. पण तिकिटे स्वस्त आणि मैदाने भरलेली राहिली. उलट, सभासदांच्या मालकीच्या बार्सिलोनाने ऑगस्ट २०२१ मध्ये १३५ कोटी युरोंचे कर्ज जाहीर केले. सभासदांची मालकी म्हणजे शहाणपणाची हमी नव्हे. हमी एवढीच की चूक झाली तर अध्यक्षाला मतदानाने घालविता येते, आणि क्लब दुसऱ्या गावी नेता येत नाही. इंग्लंडने मालकशाहीचा मार्ग धरला. १८८५ चा बरी हा क्लब २०१९ मध्ये लीगमधून बाहेर फेकला गेला. अखेर २०२५ मध्ये तेथील पार्लमेंटला फुटबॉलच्या आर्थिक नियमनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. अमेरिकेची गंमत तर न्यारी आहे. तेथील फुटबॉलचे मालक प्रक्षेपणाचा पैसा आपसांत समान वाटतात, वेतनावर मर्यादा घालतात आणि नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान सर्वांत दुबळ्या संघास देतात! वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये याचे कारण सांगितले होते. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी मेला की नफा वाढतो. खेळात प्रतिस्पर्धी मेला की धंदाच बसतो. जो लुईला कमाईसाठी तुल्यबळ श्मेलिंग लागत असे. म्हणजे समान वाटप ही खेळाची गरजच आहे. अमेरिकेत ते मालकांपुरते ठेवले, एवढेच.

मोहन बागानची कथा आपल्याला सर्वांत जवळची. १९११ मध्ये ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून शील्ड जिंकणारा हा सभासदांचा क्लब. २०२० मध्ये त्याच्या फुटबॉलचा ८० टक्के हिस्सा गोएंका समूहाकडे गेला आणि नावापुढे एटीके ही अक्षरे लागली. पाठीराख्यांनी तीन वर्षे फलक फडकविले, मोर्चे काढले, बहिष्कार घातला. २०२३ मध्ये ती अक्षरे गेली. त्या जागी मालकाचे दुसरे बिरुद आले, आणि ८० टक्के हिस्सा मात्र तेथेच राहिला. पाठीराख्यांची शक्ती किती, आणि कायद्याचा आधार नसता ती कोठे थांबते, दोन्ही गोष्टी त्यात दिसतात.

अकोल्याच्या माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगून मुद्द्यावर येतो. उत्तम बचावपटू होता. बाहेरगावच्या एका क्लबच्या युवा संघात निवड झाली तेव्हा वडिलांनी बैल विकून त्याला बूट आणि प्रवासखर्च दिला. दीड वर्षाने तो परतला. तीन महिन्यांचे मानधन थकले होते आणि कार्यालयात फोन उचलायला कोणी नव्हते. कामगार म्हणून तक्रार करावी तर तो कामगार ठरत नव्हता. आज तो भाड्याची गाडी चालवितो, आणि रविवारी मुलांना फुटबॉल शिकवितो.

तेव्हा पक्षाने हा विषय कार्यक्रमात घेतला पाहिजे, आणि मागण्या नेमक्या केल्या पाहिजेत. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याचा रोख महासंघांच्या कारभारावर आहे. क्लब कोणाचा, हा प्रश्न मोकळाच आहे. परंतु बालेवाडी राज्य शासनाच्या हाती आहे आणि मुंबई सिटी ज्या अंधेरीच्या संकुलात खेळतो ते महापालिकेचे आहे. मैदानाच्या करारातच अटी घालता येतात, त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या क्लबला सार्वजनिक मैदान हवे त्याने खेळाडू व कर्मचारी यांचे एक वर्षाचे वेतन आगाऊ अनामत ठेवावे. पाठीराख्यांची नोंदणीकृत संस्था असावी, संचालक मंडळात तिचे दोन प्रतिनिधी असावेत, आणि नाव, रंग किंवा गाव बदलण्यास तिची संमती अनिवार्य असावी. क्लब बंद करावयाचा झाल्यास तो प्रथम याच संस्थेस देऊ करावा. प्रक्षेपणाच्या सर्व मोठ्या करारांवर एक ठरावीक उपकर बसवून ती रक्कम जिल्ह्यांच्या मैदानांना मिळावी. ९,६७८ कोटींचा एक टक्का म्हणजे वर्षाला ९६ कोटींहून अधिक होतात.

अकोला व अमरावती जिल्हा समित्यांच्या पुढील संयुक्त बैठकीत या अर्थाचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन त्या तरुण कार्यकर्त्याने द्यावे अशी त्याला विनंती केली आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही मसुदा पाठविला आहे. सातबाऱ्याचे वाक्य त्यात राहू द्यावे, एवढा त्यांचा निरोप आला.